तांदळाच्या दोन विहिरी

चला, माणसाचा जीनोम, म्हणजे पेशीतल्या डीएनएचा सगळा मजकूर, मोठ्याने वाचू या. अक्षरे चारच आहेत: ए, टी, जी, सी. दर सेकंदाला एक अक्षर. मध्ये जेवण नाही, झोप नाही, दिवाळी नाही. एका प्रतीत अक्षरे आहेत सुमारे 310 कोटी. बारशाच्या दिवशी वाचायला बसलेल्या बाळाचे शेवटचे अक्षर वाचून होईल, तेव्हा त्याचे वय असेल 98!

आता तांदूळ घ्या. एका अक्षराला एक दाणा, ग्रॅमला पन्नास दाणे. 62 हजार किलो तांदूळ लागतो, म्हणजे मालगाडीची जवळपास एक अख्खी वाघीण! तो ओतू गावातल्या एखाद्या विहिरीत. तेरा फूट रुंद, वीस फूट खोल विहीर काठोकाठ भरते. ही झाली आईकडून आलेली प्रत. बापाकडूनही जवळपास तेवढीच येते. म्हणजे तुमच्याआमच्या प्रत्येकाच्या वाट्याला तांदळाच्या दोन भरलेल्या विहिरी!

पहिली विहीर मोजायला किती खर्च आला? मानवी जीनोम प्रकल्प 1990 साली सुरू झाला, 2003 साली पूर्ण झाला. खर्च सुमारे 300 कोटी डॉलर. अक्षरामागे साधारण एक डॉलर. डॉलर 85 रुपयांचा धरला, तर तांदळाचा एक दाणा 85 रुपयांना. (एवढे मोजूनही विहिरीच्या कोनाकपाऱ्यांतले काही दाणे राहिलेच होते, ते 2022 मध्ये मोजून झाले.) आणि त्याच 2022 च्या सुमारास एक जीनोम वाचण्याचा खर्च किती होता? सुमारे 500 डॉलर. रुपयाला 70 हजार दाणे! दाण्याला 85 रुपये पडत होते, तिथे एका रुपयात जवळपास दीड किलो. एकोणीस वर्षांत एवढी स्वस्ताई दुसऱ्या कुठल्या बाजारात झाली असेल, असे मला वाटत नाही.

मग आपणही वाचू लागलो. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात 10 हजार भारतीयांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. फरीदाबादच्या केंद्रात ती ठेवली आहे. आकार 8 पेटाबाइट, म्हणजे 80 लाख जीबी. दोन जीबीचा एक सिनेमा धरला तर 40 लाख सिनेमे. प्रत्येक अडीच तासांचा. राष्ट्रकूटांच्या अमदानीत पहिला सिनेमा लावून बसलेला प्रेक्षक आत्ता कुठे उठला असता! आणि हीच माहिती डीएनएच्या अक्षरांत लिहून ठेवली तर? न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये ग्रॅमला 215 पेटाबाइट इतकी दाटी जमवून दाखवली. त्या हिशेबाने आपल्या 8 पेटाबाइटचे वजन भरते 37 मिलिग्रॅम. तांदळाचे दोन दाणे!

निसर्गाने ही दाटी कशी साधली, ते बघू. एका पेशीतला डीएनए उलगडला तर दोन मीटर लांब. तो मावतो कशात? मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाएवढ्या केंद्रकात. सगळेच एक लाख पट मोठे करू. केंद्रक झाले दोन फुटी पिंप. डीएनए झाला शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड. आणि लांबी? 200 किलोमीटर! मुंबईहून निघालेला दोरा घाट चढला, पुणे ओलांडले, शिरवळला पोचला. तो सगळा 46 तुकड्यांत त्या पिंपात बसवलेला आहे. आपल्या घरी दोऱ्याचे एक रीळ धड राहत नाही. इथे दोरा हवा तिथे उघडतो, वाचला जातो, पुन्हा मिटतो.

अशा केंद्रकवाल्या पेशी अंगात किमान तीन लाख कोटी. सगळा दोरा जोडला तर मुंबई-पुणे चार कोटी खेपा. सूर्यापर्यंत वीस वेळा जाऊन वीस वेळा परत!

अजून थांबू नका. शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार करते. प्रत्येकीसाठी दोन मीटर नवा दोरा. म्हणजे सेकंदाला 4000 किलोमीटरहून जास्त. दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्स्प्रेस एवढे अंतर कापायला तीन दिवसांहून जास्त घेते. तुमच्या हाडांतली मज्जा तेवढा दोरा एका सेकंदात कातते! आणि तांबडी पेशी तयार होता होता तो टाकूनही देते, कारण तिला आतली सगळी जागा हिमोग्लोबिनसाठी हवी असते.

आता परत विहिरीशी या. 310 कोटी दाण्यांत एकच दाणा बदला, ठरावीक ठिकाणी ए च्या जागी टी. आईच्या विहिरीतही तोच, बापाच्या विहिरीतही तोच. झाला सिकलसेल हा रक्ताचा आजार! एकाच विहिरीत असेल तर माणूस 'एएस', वाहक. दोन्हींत असेल तर 'एसएस', आणि मग सांधे ठणकणे, रक्त चढवणे, दवाखान्याच्या खेपा. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या कितीतरी घरांत ही दोन अक्षरे पाठ आहेत. तिथे हा एक दाणा अख्ख्या विहिरीहून जड आहे.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेलविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. लक्ष्य 7 कोटी माणसे तपासण्याचे. एका लोकलमध्ये 5000 माणसे कोंबा. मध्य रेल्वेच्या रोजच्या सुमारे 1800 फेऱ्या आठवडाभर अशाच गच्च सोडा. तरी 70 लाख माणसे फलाटावर उभीच!

आणि प्रत्येकाकडून हवे काय? बोटाला टोचून निघालेला रक्ताचा एक थेंब. त्या थेंबात असतात वीस-पंचवीस कोटी तांबड्या पेशी, 2011 च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट. दोन विहिरींतला तो एक दाणा बदलला आहे का, याची पहिली खूण त्यातून काही मिनिटांत मिळते.