सहवैमानिकाची उमेदवारी

काही कामे नुसते पुस्तक वाचून येत नाहीत. ती जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून शिकावी लागतात. सुतारकाम, गवंडीकाम, मोटारदुरुस्ती या धंद्यांत अशा शिकण्याला आपण उमेदवारी म्हणतो. प्रवासी विमान चालवणे हे यंत्रांनी आणि संगणकांनी भरलेले काम असले तरी तेही शेवटी उमेदवारीनेच येते. विमानात उजवीकडच्या आसनावर बसणारा सहवैमानिक हा परवाना मिळवलेला वैमानिक असतो, तसाच तो कॅप्टनच्या शेजारी बसलेला उमेदवारही असतो. तो तेथे काय शिकतो, हे समजण्यासाठी आपल्या मराठवाड्यातीलच एका अपघाताकडे पाहू.

बीड रस्त्यावरचा ट्रक

२६ एप्रिल १९९३ च्या दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) मुंबईकडे निघाले. विमानात ११८ माणसे होती. धावपट्टी संपली त्या सुमारास विमान जेमतेम जमीन सोडत होते. पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि इंजिनाचा खालचा भाग त्याला धडकला. पुढे विमान विजेच्या तारांत सापडून कोसळले व ५५ जण मरण पावले. चौकशीत दोन कारणे पुढे आली: वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक अडवली गेली नाही.

‘उशिरा’ म्हणजे किती उशिरा? अशा विमानाचा त्या क्षणीचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर धरू. एका सेकंदाच्या विलंबात धावपट्टीचे ७२ मीटर खर्ची पडतात. नाक उचलायचे ते साधारणपणे सेकंदाला तीन अंश या गतीने. याहून झपाट्याने उचलले तर शेपटी जमिनीला घासण्याची भीती. फार सावकाश उचलले तर धावपट्टी संपते.

त्यात उन्हाळ्याची भर पडते. संभाजीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. तेथे तापमान ४० अंश असेल, तर हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या १५ अंशाच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी भरते. विरळ हवेत पंखांना तेवढाच उचल देण्यासाठी अधिक वेग लागतो. तो वेग गाठण्यासाठी लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांनी. इंजिनाचा जोरही विरळ हवेत घटतो, तो वेगळाच. हे सारे गणित कागदावर सोडवता येते. पण नेमक्या क्षणी, नेमक्या गतीने हात मागे ओढणे हे सरावानेच अंगी बाणते.

पायऱ्या

हा सराव पायरीपायरीने होतो. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन करायचे असतात. जोडीला दिशाज्ञान, हवामानशास्त्र, उड्डाणाचे नियम, विमानाची यंत्ररचना व रेडिओसंभाषण यांच्या परीक्षा असतात. हे शिक्षण लहान विमानांवर होते. महाराष्ट्रात बारामती आणि गोंदियाजवळील बिरसी ही गावे त्यासाठी ओळखली जातात.

परवाना हाती आला तरी प्रवासी विमान लगेच मिळत नाही. एका विशिष्ट जातीच्या विमानाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. ते बहुतांशी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या कृत्रिम विमानकक्षात होते. इंजिन बंद पडणे, आग लागणे असे प्रसंग तेथे कोणाचाही जीव धोक्यात न घालता पुनःपुन्हा घडवता येतात. त्यानंतर प्रवाशांसह उड्डाणे सुरू होतात, पण शेजारी शिकवणारा कॅप्टन बसतो. एका फेरीत एकाने विमान चालवायचे व दुसऱ्याने लक्ष ठेवायचे, पुढच्या फेरीत कामांची अदलाबदल. १५०० तास पुरे झाल्यावर वरच्या दर्जाच्या परवान्याला पात्रता येते. कॅप्टनपद त्याहीपुढे.

बोलण्याचे शिक्षण

या उमेदवारीत एक धडा इतर धंद्यांहून वेगळा आहे. गुरूचे चुकत असेल तर शिष्याने तत्काळ व स्पष्ट बोलले पाहिजे. १९७७ साली टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. पुढचे विमान धावपट्टीवरून हटले आहे का, ही शंका एका विमानातील फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. अनुभवी कॅप्टनने ती बाजूला सारली. अशा अपघातांनंतर कक्षातील सहकार्य हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र विषय झाला. ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ या शिकवणीत वाढलेल्या मुलाला हा धडा इंजिनाच्या धड्याहून अवघड जाऊ शकतो. त्याची तयारी शाळेत होऊ शकते, असे आम्हाला वाटते. फळ्यावरची चूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला शाबासकी देणारा शिक्षक नकळत हेच शिकवत असतो.

खर्च कोणी सोसायचा?

जुन्या उमेदवारीत उस्ताद शिष्याला पोटापुरते तरी देत असे. येथे उलटे आहे. परवान्यापर्यंतचा खर्चच आज अर्ध्या कोटीच्या आसपास जातो, आणि विमान कंपन्यांच्या ‘कॅडेट’ योजनांतही बहुधा तो उमेदवाराच्याच घरावर पडतो. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलीने हा आकडा कसा गाठावा? ब्रिटिश एअरवेजने २०२३ साली निवडक उमेदवारांचा प्रशिक्षणखर्च स्वतः उचलण्याची योजना जाहीर केली. एअर इंडियाने २०२४ साली अमरावतीजवळ बेलोरा येथे मोठी प्रशिक्षणसंस्था उभारण्याचे जाहीर केले. संस्था जवळ आली तरी तिचे शुल्क आवाक्यात येईलच असे नाही. गुणवत्ता पाहून निवड आणि पगारातून परतफेड अशी खरी उमेदवारी आपल्याकडेही हवी, असे आमचे मत आहे.

तोवर शिक्षकांना दोन गोष्टी करता येतील. बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे, ही अट वर्षानुवर्षे चालत आली आहे. हे विषय सुटले असतील तर मुक्त विद्यालयातून पुन्हा देता येतात. आणि पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. चष्मा असला म्हणून वाट बंद होत नाही, पण रंग ओळखण्यात दोष असेल तर तो आधीच कळलेला बरा.

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. पण सेकंदाला ७२ मीटर म्हणजे किती, हे शाळेच्या मैदानावर टेप लावून दाखवता येते. मैदान बहुधा एका सेकंदातच संपेल.