दाट उपनगरांतील रस्ता कोणाचा?

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची साथ आली. दाट वस्तींत हवा व उजेड खेळावा म्हणून १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याचें आंखीव उपनगर हें त्याचेंच कार्य होय. ते रस्ते आंखले गेले तेव्हां मोटार ही अपूर्वाई होती. आज त्यांच्या कडा उभ्या मोटारींनीं व्यापल्या आहेत.

एक मोटार उभी करण्यास सुमारें १२ चौरस मीटर जागा लागते. चाळींतील बिऱ्हाडाची खोली याहून फारशी मोठी नसे. खोलीला भाडें पडे; रस्ता मात्र बहुधा फुकट मिळतो, म्हणूनच तो पुरत नाहीं. रस्त्यावर फुकट जागा असेतों पैसे देऊन वाहनतळावर कोण जाईल? जपाननें १९६२ सालीं कायदा करून मोटार घेणाऱ्यानें ती ठेवण्याची जागा आधीं दाखवावी, असें बंधन घातलें.

दादरला दोन रेल्वेमार्ग मिळतात आणि प्रवाशांचे लोंढे पायींच बाहेर पडतात. यास्तव सुधारणेचा क्रम उघड आहे : प्रथम पदपथ, मग बसची वाट, आणि उरल्या जागेंत, मोल घेऊन, मोटार. रोग्याच्या दाराशीं रुग्णवाहिका वेळेवर पोंचणें याच क्रमावर अवलंबून आहे.