गुडघ्यांची मदार मांडीवर

जुम्याच्या दिवशी मशिदीत नजर टाकली की कडेला खुर्च्यांची रांग दिसते. घरोघरीही तेच. मुसल्ल्याशेजारी अम्मीची किंवा नानीची खुर्ची असतेच. ज्यांना जमिनीवर बसवत नाही त्यांना शरीअतने सवलत दिली आहे आणि ती घेण्यात संकोच नको. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. खुर्ची आली की माणूस गुडघ्यावरचा इलाजच सोडून देतो. जिना नको, बाजार नको, शेजारी जाणे नको. "आता वय झालं, गुडघे झिजले," एवढे म्हटले की विषय संपतो.

इथेच नुकसान होते. दुखते म्हणून हालचाल कमी होते, त्यामुळे मांडीचे स्नायू बारीक होतात, मग सगळा धक्का सांध्यावर येतो आणि दुखणे आणखी वाढते.

हाडांमधली झिजलेली गादी व्यायामाने परत येत नाही, हे खरे. पण गुडघा नुसत्या हाडांवर उभा नसतो. मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायूंचा गट असतो. तो गुडघ्याची वाटी जागेवर ठेवतो आणि पायरी उतरताना धक्का झेलतो. तो मजबूत असला की झीज तेवढीच असूनही दुखणे कमी होऊ शकते. म्हणून डॉक्टर गोळीबरोबर व्यायाम लिहून देतात. आपण गोळी तेवढी नियमाने घेतो!

सुरुवात पलंगावरच करा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडी कडक झालेली हाताला जाणवली पाहिजे. पाचपर्यंत मोजा, सोडा. असे दहा वेळा. ज्यांचा गुडघा फार दुखतो त्यांनाही हे बहुधा जमते.

मग उताणे झोपा. एक गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवा. दुसरा पाय सरळ ठेवून, पंजा आपल्याकडे ओढून, सुमारे एक फूट वर उचला. पाच सेकंद धरा आणि हळूहळू खाली आणा. धपकन टाकू नका. श्वास रोखू नका. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. फजर आणि असरच्या नमाजनंतरची वेळ ठरवली तर विसर पडत नाही. काही आठवड्यांनी सोपे वाटू लागले की ओढणीत अर्धा किलो तांदूळ बांधून घोट्याला गुंडाळावेत.

तिसरा व्यायाम खुर्चीचाच. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही, बैठक खोल वाटली तर उशी ठेवा. हाताचा आधार न घेता उठा आणि सावकाश बसा. आधी पाच वेळाही पुरे. हात लागलेच तर लागू द्या. पोळ्या झाल्यावर ओट्याला धरून टाचा उचलणे-टेकणे हेही करता येते, पोटऱ्यांना त्याचा फायदा होतो.

"दिवसभर घरात राबतो, तोच व्यायाम," असे भगिनी म्हणतात. आम्ही शिक्षकही दिवसभर फळ्यापुढे उभे राहून हेच म्हणतो. पण उभे राहून पाय थकतात, मांडीची ताकद वाढत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

फरक आठवड्याभरात दिसत नाही. दीड-दोन महिने तरी द्यावे लागतात. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही दुखणे किंवा सूज वाढलेली असेल तर संख्या निम्मी करा. वजनाकडेही पाहा. एक किलो कमी झाले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दावतीत दुसऱ्यांदा बिर्याणी वाढणाऱ्याला हे सांगून पाहा.

ताकद आल्यावर काहींना पुन्हा जमिनीवर सजदा करता येतो, काहींना नाही. तशह्हुदच्या बैठकीत गुडघा पूर्ण दुमडतो, त्यामुळे तिथे जबरदस्ती करू नये. आणि गुडघा लाल व गरम झाला, सुजेबरोबर ताप आला, गुडघा मध्येच अडकू लागला किंवा पडल्यानंतर पाय टेकवेना, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे.