गीझर बोलतोय, ऐकताय ना?

डिसेंबरची पहाट. सावेडीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तुम्हाला साडेसातला एमआयडीसीत पोचायचंय, म्हणून पावणेसहालाच गीझरचं बटण दाबलं. पाच मिनिटं शांतता. मग सुरू... आधी सूंऽऽ, मग कडकड, मग कुणीतरी टाकीत खडे भरून हलवतंय असा आवाज. नळ बंद केला की भिंतीत धाडकन एक ठोका. आणि आठ वाजता जिन्यात खालचे काका, ‘काय हो, सकाळी सकाळी फर्निचरचं काम काढलंय का?’

अहिल्यानगर म्हणा, नाहीतर सवयीनं नगर म्हणा, हिवाळ्यात हा सीन घरोघरी आहे. यात गीझरपेक्षा पाण्याचा दोष जास्त. मुळा धरणाचं पाणी पुरलं नाही की आपण बोअरवर येतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं हे पाणी बहुतेक वेळा जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. असं पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर बसतो. बादलीवर दिसतो ना, तोच पांढरा थर. या थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात आणि टाकी कडकडते. म्हणजे आवाज येतोय तेव्हा तुम्ही चुनाही तापवताय, आणि त्याचं बिलही भरताय!

मग करायचं काय?

थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नेऊ नका. पाणी जितकं गरम, तितका थर लवकर. वर्षातून एकदा, बोअरचं पाणी असेल तर दोनदा, टाकी उघडून कॉइल साफ करून घ्या. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा दांडा झिजलाय का, तेही बघायला सांगा. तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजापासून वाचवतो. हे काम मेकॅनिकचंच. यूट्यूब बघून स्वतः हात घालायचा मोह टाळा.

भिंतीतला ठोका

पाणी जोरात धावत असताना नळ एकदम बंद झाला की धावतं पाणी पाइपवर आदळतं. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी १८९०च्या दशकात मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर याचा अभ्यास केला होता. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी क्षणात अडवलं, तर दाब साधारण १२ बारनं उसळतो. प्रेशर पंप असलेल्या बिल्डिंगमध्ये आणि वॉशिंग मशीनपाशी हा ठोका हमखास. उपाय साधे आहेत. नळ हळू बंद करा, मेन कॉक थोडा आवळा, हलणाऱ्या पाइपला क्लॅम्प मारून घ्या. गरम पाणी सोडल्यावर येणारी बारीक टकटक मात्र पाइप प्रसरण पावल्याची. तिला घाबरायचं कारण नाही.

गच्चीवरच्या सोलरची गुडगुड म्हणजे पाइपात अडकलेली हवा. टाकीवरचा उभा एअर पाइप कधीही बंद करू नका. हवेला वाट लागते, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. पुण्यात पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं, तेव्हा त्या नळाला जागोजागी उच्छ्वास ठेवले होते.

हे मात्र करू नका

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण २०० मिली फुगतं. मागे जायला वाट नसेल तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून टपकतं. ‘गळतंय’ म्हणून तिथे बूच मारणारे महाभाग असतात. बूच मारलं, त्यात थर्मोस्टॅटही बिघडला, तर ती टाकी बॉम्ब आहे. टपटप थांबतच नसेल तर व्हॉल्व्ह बदला, पण बंद करू नका.

गॅस गीझर पेटताना ‘धुप्प’ होत असेल, तर गॅस साठून मग पेटतोय. त्याच दिवशी वापर थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा. आणि खरी भीती तर आवाजाचीही नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं आणि कडी काढायची ताकदच उरत नाही. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवा.

तेव्हा खालच्या काकांवर चिडू नका. त्यांनी तक्रार केली म्हणून तरी तुम्ही मेकॅनिकला फोन कराल. कडकडणारा गीझर निदान सांगून बिघडतो. न बोलणाऱ्याला जास्त जपायचं.