रक्ताला नवी वाट

हृदयाविषयी आम्हां मराठीच्या मास्तरांनी आजवर पुष्कळ बोलून घेतले आहे. ते जडते, तुटते, पाझरते, हे सारे आम्ही वर्गात शिकवतो. पण त्या हृदयालाही रक्त लागते, ते पोचवणाऱ्या रोहिण्या जेमतेम तीनचार मिलिमीटर रुंद असतात आणि त्या बुजल्या की सारे काव्य जागच्या जागी थांबते, याचा आम्हांला विसर पडतो!

बुजलेल्या वाहिनीत फुगा घालून ती रुंद करायची, नाहीतर दुसरी वाहिनी जोडून वळणरस्ता काढायचा, हे उपाय आता घरोघरी माहीत आहेत. बोस्टनच्या डॉ. जेफ्री इस्नर यांच्या मनात निराळाच विचार आला. ही नवी वाट शरीरालाच काढू दिली तर? रक्तवाहिन्यांना अंकुर फोडणारे एक प्रथिन आपल्या देहात असते आणि त्याची कृती एका जनुकात लिहिलेली असते. त्या जनुकाच्या प्रती त्यांनी फुग्याला माखून एका ७१ वर्षांच्या रुग्णाच्या पायाच्या रोहिणीत सोडल्या. चार आठवड्यांनी छायाचित्रात नव्या वाहिन्या दिसू लागल्या. ही हकीकत १९९६ साली प्रसिद्ध झाली.

पण एका रुग्णाची हकीकत म्हणजे पुरावा नव्हे. अशाच दुसऱ्या एका जनुकाची ५२५ रुग्णांवर परीक्षा झाली. खरे औषध कुणाला आणि लटके कुणाला, हे गुप्त होते. २०११ साली निकाल लागला: पाय कापावे लागणे आणि मृत्यू यांत काहीच फरक नाही. तो निकाल पाहायला इस्नर नव्हते. २००१ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, हृदयविकारानेच ते गेले होते.

शोध मात्र थांबला नाही. काही माणसांत जन्मतःच एक जनुक निकामी असते. त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल कमी राहते आणि त्यांना हृदयविकारही क्वचितच होतो, असे २००६ साली डलासच्या संशोधकांनी दाखवले. मग तेच जनुक मुद्दाम बंद केले तर? २०२२ साली न्यूझीलंडमध्ये एका रुग्णाच्या यकृतातील या जनुकाचे एकच अक्षर बदलण्याचा प्रयोग सुरू झाला. ‘दिन’ची वेलांटी बदलली की ‘दीन’ होतो, तसाच हा प्रकार! २०२३ साली दहा रुग्णांचा वृत्तांत आला. सर्वांत मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णाचे घातक कोलेस्टेरॉल ५५ टक्क्यांनी उतरले होते. पण २०२४ साली एका रुग्णाच्या यकृताच्या तपासणीत बिघाड दिसला, आणि त्या औषधाची भरती थांबवून औषधाचे वाहन बदलावे लागले.

गोळी उद्यापासून बंद करता येते. बदललेले अक्षर मात्र खोडता येत नाही. ज्याचे कोलेस्टेरॉल रोजच्या गोळीने ताब्यात राहते, त्याने ही जोखीम का घ्यावी? आणि ज्याच्या घराण्यात चाळिशीतच माणसे जातात, त्याने किती वर्षे थांबावे? प्रयोगशाळेला या दोघांनाही उत्तर द्यायचे आहे.