दुर्बल वार्धक्य आणि श्रमाची मात्रा

घरातील वडीलधारे माणूस थकले, की आपण प्रेमाने एकच सांगतो : "तुम्ही आता स्वस्थ बसा." पाण्याचा तांब्या हातात देतो, जिना उतरू देत नाही. यातील प्रेम खरे. पण या सल्ल्याचा परिणाम काय होतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम दुर्बलता म्हणजे काय ते पाहू. केवळ वय झाले म्हणून मनुष्य दुर्बल ठरत नाही. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अमेरिकेत तिची पाच लक्षणे मांडली : आपोआप वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. पैकी तीन किंवा अधिक आढळली, तर ती व्यक्ती दुर्बल समजावी. ही लक्षणे एकमेकांत गुंतलेली आहेत. हालचाल कमी झाली की स्नायू झडतात, स्नायू झडले की थोड्या श्रमाने थकवा येतो, आणि थकव्याने हालचाल आणखी कमी होते.

श्रम करताना फुप्फुसे प्राणवायू आत घेतात, हृदय तो रक्तावाटे पोचविते आणि स्नायू तो खर्ची घालतात. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त जेवढा प्राणवायू वापरू शकते, ती त्याची मिळकत समजा. तरुणपणी आंघोळ करणे, जिना चढणे हे त्यातले किरकोळ खर्च असतात. दुर्बल वृद्धाची मिळकतच इतकी आटलेली असते, की हेच खर्च तिचा मोठा वाटा खाऊन टाकतात. म्हणून नुसत्या आंघोळीनेही त्याला धाप लागते.

आता प्रश्न असा, की ही मिळकत वयाने आटते की बसून राहण्याने? दोहोंनी, परंतु दुसऱ्या कारणाचा वाटा आपण समजतो त्याहून फार मोठा आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले. त्यांची ही क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेली हानी त्या तीन आठवड्यांच्या हानीहून कमी भरली! पुढे सहा महिन्यांच्या नियमित व्यायामाने ती भरूनही आली.

कोणी म्हणेल, हे पन्नाशीतले धडधाकट लोक. खऱ्या वृद्धांचे काय? बॉस्टन येथे मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या घरातील आश्रमवासी वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करविला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पायांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक वाढले. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात ७० ते ८९ वर्षांची १,६३५ माणसे होती. एका गटाला मुख्यतः चालण्याचा व्यायाम दिला, दुसऱ्याला आरोग्याची व्याख्याने. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात ४०० मीटर चालण्याची शक्ती गमावणारे पहिल्या गटात शंभरात ३० निघाले, दुसऱ्यात ३५ हून थोडे अधिक. फरक चमत्काराचा नाही, पण खरा आहे. नुसत्या व्याख्यानाने पाय चालत नाहीत, हे व्याख्यात्यानेही ध्यानात घ्यावे!

मात्र औषधाप्रमाणे श्रमाचीही मात्रा असते. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जो आधारावाचून उभा राहू शकत नाही, त्याला एकदम फिरावयास नेणे हा उतावळेपणा होय. त्याने प्रथम खुर्चीवरून उठण्याबसण्याचा व आधार धरून तोल सांभाळण्याचा सराव करावा. मग चालणे : आरंभी पाच मिनिटे, दिवसातून दोनतीनदा. आधी मिनिटे वाढवावी, वेग मागाहून. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत श्रम पुरे. छातीत दाब वाटला, चक्कर आली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे. तापाच्या दिवशी विश्रांतीच योग्य. पण ताप गेल्यावर ती लांबवू नये. जोडीला डाळ, दूध, अंडी असे पोषक अन्न हवेच, कारण उपाशी स्नायू व्यायामाने वाढत नाहीत.

तात्पर्य, वय आपल्या हाती नाही, पण बसून राहणे आहे. रात्री कोणाला हाक न मारता न्हाणीघरापर्यंत जाता येणे, हे त्या वयातले मोठे स्वातंत्र्य होय. ते टिकवावयाचे, तर वडिलांना "स्वस्थ बसा" म्हणण्याऐवजी "चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" असे म्हणावे, आणि आपणही बरोबर निघावे.