म्हातारा मोत्या आणि सदाफुली

कुत्रें पाळावयाचें म्हणजे गोजिरवाणें पिलूं आणावयाचें, असा सर्वांचा समज असतो. आम्हांसही तसेंच वाटे. परंतु गेल्या पावसाळ्यांत नंदुरबार येथील आमचे एक शेजारी बदलीमुळें मुंबईस निघाले. तेथील चिमुकल्या बिऱ्हाडांत त्यांच्या नऊ वर्षांच्या मोत्यास जागा नव्हती. "गुरुजी, आपण याला ठेवून घ्याल का?" असें विचारून त्यांनीं मोत्याच्या औषधपाण्याचे कागद आमच्यापुढें ठेवले. दोन वर्षांपूर्वीं मोत्यास कर्करोग झाला होता!

तो शब्द ऐकतांच माजघर चिडीचूप झालें. सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, घरांत रांगतें मूल आहे. हा रोग बाळाला तर लागणार नाहीं ना?" प्रश्न रास्त होता. तेव्हां ते कागद घेऊन आम्ही पशुवैद्यांकडे गेलों.

त्यांच्याकडून कळलेली हकीकत वाचकांसही उपयोगी पडेल. भटक्या कुत्र्यांत आढळणारा हा कर्करोग मोठा विलक्षण आहे. त्याच्या जिवंत पेशीच संयोगसमयीं, क्वचित् हुंगण्याचाटण्यानें, एका कुत्र्याकडून दुसऱ्याच्या अंगीं रुजतात. १८७६ सालीं नोविन्स्की या रशियन पशुवैद्यानें त्या अशा रुजवून दाखविल्या. पुढें २००६ सालीं आनुवंशिक परीक्षेवरून असें दिसून आलें कीं, देशोदेशींच्या या गांठी फार प्राचीन काळीं होऊन गेलेल्या एकाच श्वानाच्या पेशींचा वंश आहेत. मनुष्यास मात्र हा रोग कुत्र्यापासून लागत नाहीं.

याहून नवल औषधाचें. यावरील मुख्य औषध व्हिंक्रिस्टीन हें मिळालें तें आपल्या परसांत बारमास फुलणाऱ्या सदाफुलींतून! आठवड्यास एकदां तें शिरेंतून देतात. बहुधा चार ते सहा इंजेक्शनांत गांठ विरून जाते, आणि पूर्ण बरें झालेल्या कुत्र्यांत ती क्वचितच उलटते. तथापि सदाफुलीचा काढा पाजण्याचें साहस कोणीं करूं नये. ती वनस्पति विषारी आहे. औषधही जहाल आहे. शिरेबाहेर सांडल्यास तें मांस जाळतें आणि रक्तांतील पांढऱ्या पेशी घटवितें. म्हणून रक्त तपासून पशुवैद्यांच्याच हातून तें द्यावें. उपचार चालू असतां कुत्र्याचें मलमूत्र हातमोज्यांवांचून उचलूं नये. गर्भवतींनीं व मुलांनीं त्यापासून दूर राहावें. मोत्याचा उपचार केव्हांच संपला होता, त्यामुळें सूनबाईंची काळजी मिटली.

सर्वच कर्करोग इतके सुसाध्य नसतात. म्हणून असें जनावर घरीं आणण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावे: रोग कोणता, उपचार पुरा झाला कीं नाहीं, आणि शेवटची तपासणी केव्हां झाली?

चौथा प्रश्न आमच्या घरांतून आला. "याचे असे दिवस तरी किती उरले? जीव लावायचा आणि मग रडत बसायचें!" यावर कोणता पशुवैद्य उत्तर देणार? स्वर्गाच्या दारीं इंद्राचा रथ उभा असतां धर्मराजानें सोबतच्या कुत्र्यावांचून त्यांत पाय ठेवला नाहीं. त्या कुत्र्याचें वय त्यानें विचारल्याचें महाभारतांत नाहीं. आम्हीं इतकेंच म्हटलें, "आम्हीही साठी ओलांडली आहे. आमचेही दिवस कोणी असेच मोजूं लागलें तर?" त्या कांहीं बोलल्या नाहींत, परंतु सायंकाळीं ओसरीवर गोणपाट अंथरलेलें दिसलें.

पौषांत मोत्याच्या पोटाखालीं सुपारीएवढी गांठ हातास लागली, तेव्हां सारें घर हवालदिल झालें. पशुवैद्यांनीं सुईनें तपासून ती निव्वळ चरबीची गांठ असल्याचें सांगितलें. त्या रात्रीं मोत्यास दूधपोळी कोणीं घातली, हें सांगावयास नकोच.

आतां वर्षास रेबीजची लस आणि सहा महिन्यांनीं तपासणी, एवढाच त्याचा व्याप. पिलाचा धुडगूस नाहीं, जोड्यांची नासधूस नाहीं. बाळ त्याच्या पाठीला धरून उभें राहूं लागलें आहे, आणि म्हातारा मोत्या तें स्थिर होईपर्यंत जागचा हलत नाहीं.